शेताकाठच्या तळ्यात माशांचे परजीवी परत परत येत असतील तर

ही तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच चालीने पुढे जाते. मासे काठाला, दगडाला अंग घासू लागतात, मधूनच पाण्याबाहेर उसळी घेतात. एखाद्याच्या अंगावर ठिपके किंवा दोऱ्यासारखं काहीतरी लोंबताना दिसतं. तळ्यात औषध पडतं, आठ-दहा दिवस सगळं शांत होतं आणि महिन्याभरात तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

माझ्या तळ्याला तिन्ही बाजूंनी शेत आहे. सलग दोन हंगाम हे चाललं आणि मी पाच वेळा पोटॅशियम परमँगनेट टाकलं. शेवटी एक मासा कापून भिंगाखाली पाहिला, तेव्हा कळलं की ज्या परजीवीसाठी मी हे करत होतो तो माशाच्या मांसात कोष करून बसलेला होता. परमँगनेट तिथवर पोचणारच नव्हतं. शेवाळ मात्र मेलं, ते कुजलं, एका पहाटे पाण्यातला प्राणवायू संपला आणि सगळ्यात मोठे मासे गेले. ती पहाट मी विसरलेलो नाही. म्हणून औषधाचं नाव विचारणाऱ्याला मी आधी दोन गोष्टी विचारतो: परजीवी नेमका कोणता, आणि तो माशावर नसतो तेव्हा कुठे असतो?

आधी हे परजीवीच आहेत का ते बघा

शेताजवळच्या तळ्यात मासे मरण्याची इतर कारणंही तितकीच असतात आणि त्यांच्यावर परजीवीचं औषध टाकलं तर नुकसान वाढतं.

पहाटे बहुतेक सगळे मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील, ऊन चढल्यावर सावरत असतील आणि मेलेल्यांत मोठे मासे जास्त असतील, तर प्राणवायू कमी पडतो आहे. शेतातून खत वाहून आलं की शेवाळ माजतं. ते रात्री प्राणवायू वापरतं आणि पहाटेला पाण्यातला प्राणवायू संपतो. अशा वेळी कुठलंही औषध टाकू नका, एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालवा.

काही तासांत सगळ्या आकाराचे मासे एकदम मेले आणि पाण्यातले किडेही तरंगू लागले, तर संशय फवारणीवर घ्या. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात. परजीवी असं एका दुपारीत तळं रिकामं करत नाहीत. ते रोज दोन-चार मासे नेतात, उरलेल्यांना वाळवतात, भूक घालवतात.

आणखी एक गफलत नेहमी होते. कार्प कुळातल्या नरांच्या डोक्यावर, कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर विणीच्या काळात पांढरे कडक दाणे येतात. ते रोगाचे ठिपके नाहीत. ते फक्त नरांवर, ठरावीक जागी असतात आणि हाताला खरखरीत लागतात.

मासा पाहायचा कसा

मेलेला मासा फारसा उपयोगाचा नाही. मासा मेला की अंगावरचे बरेच परजीवी त्याला सोडून जातात. जिवंत पण मलूल असे तीन-चार मासे आणि वरकरणी ठणठणीत दिसणारे तेवढेच मासे जाळ्याने काढा. ठणठणीत मासे घ्यायचा कंटाळा करू नका, तुलना त्यांच्यामुळेच होते.

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. परांचा तळ, शेपटीची मुळं, तोंडाचा आतला भाग आणि डोळ्याची बाहुली बघा. कल्ल्याचं झाकण उचलून कल्ले बघा. निरोगी कल्ले लालभडक असतात. फिकट, चिकट, कडा सुजलेले असतील तर तिथे काहीतरी आहे. सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर अंगावरचा चिकट थर काचेच्या पट्टीच्या कडेने हलकेच खरवडून, त्याच तळ्याच्या पाण्याच्या थेंबात पसरा आणि लगेच बघा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने जे पाहायचं तेच मरतं.

प्रत्येक माशावर काय दिसलं आणि किती, ते तारखेसह लिहून ठेवा. ही वही पुढे औषधापेक्षा जास्त कामाला येते.

काळे ठिपके आणि पिवळ्या गाठी

शेताकाठच्या तळ्यांत सगळ्यात हट्टी हाच प्रकार, म्हणून यावर जरा थांबतो.

त्वचेत, परांवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात. किंवा मांसात, परांच्या तळाशी, कल्ल्यांच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पिवळसर गाठी दिसतात आणि त्या फोडल्या की आतून वळवळणारी अळी निघते. दोन्ही चपटकृमींची पिल्लं आहेत. काळा रंग कृमीचा नसतो. मासा त्या कोषाभोवती स्वतःचं रंगद्रव्य साठवतो, तो रंग असतो. पिवळ्या गाठी क्लिनोस्टोमम या कृमीच्या. याच घराण्यातला डिप्लोस्टोमम डोळ्याच्या भिंगात शिरतो. मग बाहुली दुधाळ होते, माशाला खाद्य दिसत नाही आणि तो बारीक होत जातो.

यांचं चक्र तीन घरांतून फिरतं. मोठा कृमी बगळा, खंड्या, पाणकावळा अशा मासे खाणाऱ्या पक्ष्यांत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून, आणि क्लिनोस्टोममच्या बाबतीत पक्ष्याच्या तोंडाघशातून, पाण्यात पडतात. त्यातून निघालेलं पिल्लू गोगलगायीत शिरतं आणि तिथे त्याची संख्या प्रचंड वाढते. एका बाधित गोगलगायीतून रोज शेकडो, कधी हजारो शेपटीवाली पिल्लं बाहेर पडतात. ती माशाच्या त्वचेतून आत घुसतात, कोष करून बसतात आणि हा मासा पक्ष्याने खाण्याची वाट बघतात.

इथे कळीचा मुद्दा आहे. माशाच्या आत या कृमींची संख्या वाढत नाही. एका माशावर पन्नास ठिपके असतील तर पन्नास वेगवेगळी पिल्लं बाहेरून शिरली आहेत. म्हणजे ठिपके वाढत असतील तर रोग माशात वाढत नसून गोगलगायींतून रोज नवा पुरवठा होतो आहे. आणि आत बसलेल्या कोषाला तळ्यात टाकलेल्या मिठाचा, परमँगनेटचा किंवा फॉर्मालिनचा (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाचा) काही त्रास होत नाही. तो तिथेच दीर्घकाळ जिवंत राहतो. उलट, मोकळं पोहणारं पिल्लू साधारण एक-दोन दिवसच जगतं. तेवढ्यात मासा सापडला नाही तर ते संपतं. आज गोगलगायी कमी केल्या तर दोन दिवसांत नवी लागण कमी होते. जुने ठिपके मात्र दिसतच राहतात आणि ते पाहून लोक धीर सोडतात. फरक नव्या लहान माशांवर शोधायचा. त्यातही लागण झाल्यावर ठिपका दिसण्याजोगा काळा व्हायला काही आठवडे जातात, हे ध्यानात ठेवून वाट बघा.

शेताचा यात हात कुठे आहे

नत्र आणि स्फुरद वाहून पाण्यात आलं की काठच्या दगडांवर, पाणवनस्पतींवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. तो गोगलगायींचा चारा आहे. २००७ साली पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी बेडकांना विकृती आणणाऱ्या रिबेरोइया या चपटकृमीवर प्रयोग केला. पाण्यात नत्र-स्फुरद वाढवल्यावर गोगलगायी तर वाढल्याच, शिवाय एकेका बाधित गोगलगायीतून निघणारी पिल्लंही वाढली. २००८ साली जेसन रोहर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲट्राझिन हे तणनाशक आणि स्फुरद जिथे जास्त, तिथे बेडकांत चपटकृमी जास्त. तणनाशकाने पाण्यात तरंगणारं शेवाळ मरतं, पाणी नितळ होतं, ऊन तळापर्यंत पोचतं आणि तळाचं शेवाळ वाढतं. गोगलगायींना तेच हवं असतं. वर बेडकांची प्रतिकारशक्तीही खालावते. दोन्ही अभ्यास बेडकांवरचे आहेत, पण माशांचे चपटकृमीही याच गोगलगायींच्या वाटेने येतात. स्वच्छ, नितळ पाणी आणि काठाला गोगलगायींचा खच असं दृश्य दिसलं की मी आता खूश होत नाही.

शेण आणि शेणखत वाहून येत असेल तर दुसरा प्रकार डोकं वर काढतो. ट्रायकोडिना हा तबकडीसारखा एकपेशीय जीव सेंद्रिय घाण आणि जिवाणू जिथे जास्त तिथे फोफावतो. त्याला गोगलगाय लागत नाही, पक्षी लागत नाही. माशाच्या अंगावर राखाडी-पांढुरकी साय धरते, मासा एका कुशीवर वळून अंग घासतो. तो थोड्या संख्येने जवळपास सगळीकडे असतो. त्याची संख्या वाढली की पाणी घाण झालं आहे असं समजा आणि आधी घाण कुठून येते ते शोधा.

दोरे आणि उवा

अंगाला काडीसारखा, टोकाला दोन पिशव्या असलेला दोरा चिकटलेला दिसला तर तो लर्निया, ज्याला अँकर वर्म म्हणतात. नावात वर्म असलं तरी तो कृमी नाही, कवचधारी प्राणी आहे. जो दोरा दिसतो ती मादी, तिचं डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं. दोन पिशव्यांत अंडी. अंड्यांतून सुटलेली पिल्लं काही दिवस मोकळी पोहतात, मग माशाच्या अंगावर आणि कल्ल्यांवर वाढतात, नर मिलनानंतर मरतात, मादी रुतते. २५ ते ३० अंश सेल्सिअसला हे चक्र साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पूर्ण होतं, गार पाण्यात रेंगाळतं.

पाण्यात टाकलेली बहुतेक औषधं मोकळ्या पिल्लांना मारतात, रुतलेल्या मादीला नाही. म्हणून एक मात्रा टाकून दोरे दिसेनासे होण्याची अपेक्षा धरू नका. ती मादी तोवर अंडी घालतच राहते. औषधाच्या मात्रा आठवड्याच्या अंतराने चार आठवडे चालवाव्या लागतात. मासे मोजकेच असतील तर चिमट्याने मादी मुळाशी धरून ओढून काढता येते, मात्र डोकं आत तुटून राहिलं तर जखम पिकते.

आरगुलस म्हणजे माशांच्या उवा. चपट्या, मसूराएवढ्या, अंगावर सरकताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना ओळखू येतात हे आपलं नशीब. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि फळी, दगड, खांब अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. ऊबदार पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात, थंडीत तशीच पडून राहतात. या सवयीचा फायदा घ्या. पाण्यात खालपर्यंत जाणाऱ्या लाकडी फळ्या उभ्या टांगा, आठवड्याला बाहेर काढून खरवडा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि परत टांगा. तळ्यात दुसरे खांब-दगड कमी असतील तितका याचा गुण जास्त. मी औषधाआधी हेच करतो, कारण यात माशाला काडीचाही धोका नाही.

डायफ्लुबेंझुरॉनसारखी, कवच बनू न देणारी औषधं लर्निया आणि आरगुलस दोघांवर चालतात. पण ती तळ्यातल्या प्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना) आणि चतुराच्या अळ्यांनाही मारतात, आणि खाण्याच्या माशांवर ती वापरता येतात की नाही हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर ठरतं. मत्स्यवैद्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. पिकावर फवारायचं कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतणं तर कधीच नको. मासा खाणाऱ्या माणसाच्या ताटात ते जातं.

पांढरे ठिपके आणि कल्ल्यांचे कृमी

इक या एकपेशीय जिवाचे पांढरे ठिपके मिठाच्या खड्यांसारखे अंगभर असतात. तो त्वचेच्या आत असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, बाहेर पडून तळाला फुटला की शेकडो पिल्लं सुटतात, आणि तेवढाच काळ तो औषधाच्या टप्प्यात असतो. २५ अंशाच्या आसपास सगळं चक्र आठवड्याच्या आत होतं, म्हणून मात्रा थोड्या दिवसांच्या अंतराने सलग द्यावी लागते.

कल्ल्यांवरचा डॅक्टिलोगायरस हा कृमी अंडी घालतो आणि अंडी औषधाला दाद देत नाहीत. म्हणून पहिल्या मात्रेनंतर अंडी फुटायला वेळ देऊन दुसरी मात्रा हवीच. त्याचा भाऊबंद गायरोडॅक्टिलस पिल्लंच घालतो, त्याला एक नीट दिलेली मात्राही पुरते. दोघांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

औषध द्यायचंच ठरलं तर

तळ्याचं पाणी मोजा, अंदाज नको. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तळ्यात ३६० घनमीटर पाणी असतं. लिटरला २ मिलिग्रॅम परमँगनेट द्यायचं तर ७२० ग्रॅम लागेल. खोली एकाच जागी मोजून चालत नाही, निदान दहा ठिकाणी काठी बुडवा.

परमँगनेट गढूळ, शेवाळलेल्या पाण्यात घाणीवरच खर्च होतं. गुलाबी रंग काही तासांतच तपकिरी झाला तर परजीवीपर्यंत औषध पोचलंच नाही. त्यावर मात्रा वाढवत नेऊ नका, आधी पाणी सुधारा. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू ओढतं. लिटरला ५ मिलिग्रॅम फॉर्मालिनमागे सुमारे १ मिलिग्रॅम प्राणवायू कमी होतो, म्हणून एअरेटर नसेल तर ते नकोच. फॉर्मालिन आणि परमँगनेट एकत्र कधीही मिसळू नका, जोरदार रासायनिक क्रिया होऊन भाजण्याचा धोका असतो. मोरचूद गोगलगायींना मारतं म्हणून मोह होतो. पण पाण्याची क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते मासेही मारतं, आणि तांबं गाळात साठत जातं. मी ते सोडलं आहे.

मिठाची अंघोळ हा त्यातल्या त्यात सुरक्षित उपाय. लिटरला २० ते ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात मासा काही मिनिटं ठेवायचा आणि कलंडू लागला की लगेच गोड्या पाण्यात सोडायचा. ट्रायकोडिना आणि त्वचेवरच्या बऱ्याच एकपेशीयांना यातून उतार पडतो. रुतलेल्या लर्नियाला नाही, कोषातल्या चपटकृमीला तर अजिबात नाही.

माझ्या तळ्यात काय बदललं

काळे ठिपके कमी व्हायला एक हंगाम लागला. त्यात औषधाचा वाटा शून्य आहे.

पहिलं काम चराचं. शेताच्या वरच्या अंगाने आडवा चर खोदून पावसाचं पाणी तळ्यात न येऊ देता बाजूने वळवलं. जे वळवता आलं नाही ते आधी एका खड्ड्यात साठतं, गाळ खाली बसतो, मग तळ्यात उतरतं. खत दिल्यानंतरचा पहिला मोठा पाऊस सगळ्यात घातक, ते पाणी तळ्यात येऊच द्यायचं नाही. तळ्याभोवती सात-आठ मीटर रुंद गवताचा पट्टा सोडला, त्यावर खत नाही, फवारणी नाही. गुरं पाण्यात उतरत होती, त्यांच्यासाठी बाहेर हौद केला.

दुसरं काम काठाचं. उथळ, गवताळ काठ म्हणजे गोगलगायींचं घर आणि बगळ्याला उभं राहायची जागाही. काठ कापून उभा केला, पाणी काठालाच मीटरभर खोल झालं. बगळा तिथे उभा राहू शकत नाही. पाणवनस्पती उपटून लांब नेऊन वाळत टाकल्या. काठावर टाकल्या तर गोगलगायी चालत परत जातात. संध्याकाळी ओली पोती आणि कोबीची पानं काठाच्या पाण्यात ठेवून सकाळी गोगलगायींसकट उचलली, हे महिनाभर रोज केलं. पक्ष्यांना इजा करायची नाही, त्यांनी फक्त दुसरीकडे बसावं एवढंच पाहायचं.

तिसरं, तळं आटलं तेव्हा ते पूर्ण सुकू दिलं, जमिनीला भेगा पडेपर्यंत. जिथे ओल राहिली तिथे चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम कळीचा चुना टाकला. काही गोगलगायी गाळात दडून कोरडा काळ काढतात, त्या यात सापडतात. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि पाण्याचा सामू (pH) ९ च्या खाली आल्याशिवाय मासे सोडू नका.

नवे मासे आता तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत राहतात. लर्नियाचं एक पूर्ण चक्र तेवढ्यात उघड होतं. दुसऱ्या तळ्यात वापरलेलं जाळं उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय माझ्या पाण्यात येत नाही.

तरीही कमी होत नसेल तर

काठाच्या एका मीटरमध्ये किती गोगलगायी सापडतात ते पंधरा दिवसांनी मोजा आणि शेजारी त्या हंगामातल्या लहान माशांवरचे ठिपके लिहा. गोगलगायी घटल्या आणि तरी लहान माशांवर नवे ठिपके येत असतील, तर पाणी दुसऱ्या तळ्यातून किंवा कालव्यातून येतं आहे का ते बघा. ती पिल्लं पाण्याबरोबर वाहत येतात. आत येणारं पाणी दोन-तीन दिवस मासे नसलेल्या खड्ड्यात, गोगलगायींना रुजू न देता, साठवून मग सोडलं तर बरीचशी पिल्लं वाटेतच मरतात.

ठिपकेवाला किंवा गाठीवाला मासा पूर्ण शिजवला तर खाण्यात धोका नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला नको. गोड्या पाण्यातल्या माशांतून माणसाच्या यकृतात जाणारे चपटकृमी असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ठिपका दिसत नाही म्हणून मासा स्वच्छ असं धरू नका.

प्रयोगशाळेत मासे पाठवायचे तर जिवंत पाठवा, त्याच तळ्याच्या पाण्यात, आणि सोबत वहीची शेवटची दोन पानं द्या: कधी पाऊस झाला, कधी खत पडलं, कधी फवारणी झाली, कोणत्या तारखेला किती माशांवर काय दिसलं.